सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चावी फिरवली की सेल्फ नेहमीसारखा फिरतो, घर्र-घर्र आवाज येतो, पण इंजिन काही पकडत नाही. हे पान एवढ्याच तक्रारीसाठी आहे. चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक’ होत असेल किंवा काहीच होत नसेल, तर तो बॅटरी आणि सेल्फचा वेगळा विषय आहे. खालची बरीचशी उत्तरं तिथे लागू पडणार नाहीत.

सेल्फ फिरतोय, म्हणजे नेमकं काय ठीक आहे?

बॅटरीत जीव आहे, सेल्फची मोटर चालतेय आणि इंजिन जाम झालेलं नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर पार्क किंवा न्यूट्रलला असल्याचं गाडीला कळलंय. एवढंच नक्की.

पुढे पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी लागतात: पुरेशा दाबाने इंधन, वेळेवर ठिणगी, हवा, आणि त्या हवेवर पडणारा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबून तापलेल्या हवेत डिझेल आपसूक पेटतं. या सगळ्यांच्या डोक्यावर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, बसलेला असतो. इंजिन फिरतंय हे त्याला कळलं नाही किंवा चावी ओळखीची वाटली नाही, तर बाकी सगळं धडधाकट असूनही तो इंधन आणि ठिणगी अडवून धरतो. काय बदलायचं ते नंतर बघू. आधी यांतलं कोण गैरहजर आहे ते शोधायचं.

मग सुरुवात कुठून करू? बोनेट उघडू का?

बोनेट नंतर. आधी एसी, पंखा, रेडिओ बंद करा, चावी फक्त ‘ऑन’ला आणा आणि कान देऊन ऐका. मागच्या सीटखालून किंवा टाकीच्या बाजूने दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. पेट्रोल पंप लाइनमध्ये दाब भरतो त्याचा हा आवाज. काही गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडल्याबरोबरच पंप फिरून घेतो, त्यामुळे तुम्ही आत बसेपर्यंत आवाज होऊन गेलेला असतो. शंका असेल तर दुसऱ्या कुणाला चावी फिरवायला सांगून तुम्ही टाकीच्या झाकणापाशी कान लावा.

त्याच वेळी डॅशबोर्डकडे बघा. चेक इंजिनचा दिवा ‘ऑन’ला लागलाच पाहिजे. लोक हा दिवा लागला की घाबरतात. इथे तो लागला नाही तर काळजी करायची. दिवा लागत नाही याचा बहुतेक वेळा अर्थ ईसीयूपर्यंत वीजच पोहोचत नाही: मुख्य रिले (विजेने चालणारा स्विच), ईसीयूचा फ्यूज किंवा अर्थिंगची वायर बघा. हे न बघता प्लग आणि पंप बदलत बसलात तर दिवस वाया गेला म्हणून समजा.

आता सेल्फ मारा, पण पाच-सहा सेकंदच, आणि नजर आरपीएमच्या काट्यावर ठेवा. सेल्फ इंजिनाला मिनिटाला साधारण १५० ते ३०० फेरे देतो. बऱ्याच गाड्यांत काटा तेवढा उचललेला दिसतो. अजिबात हलला नाही तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्यायला जागा आहे. काही गाड्यांचा काटा इतक्या कमी वेगाला एरवीही हलत नाही, म्हणून आपल्या गाडीची सवय ती धड असतानाच बघून ठेवावी.

सेल्फ किती वेळ मारत राहावा?

एका वेळी जास्तीत जास्त दहा सेकंद, मग निदान अर्धा ते एक मिनिट थांबायचं. सेल्फची मोटर थोडा वेळ प्रचंड करंट ओढण्यासाठी बनवलेली असते. सलग चालवली की तापून जळते. शिवाय न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन काढतं आणि पुढे सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन साचतं. नंतर इंजिन पकडलं की ते तिथे पेटून कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. तीन-चार प्रयत्नांत पकडलं नाही तर पाचव्यात पकडायचं काही कारण नसतं.

दिवे झकास लागतात, सेल्फही फिरतो. म्हणजे बॅटरीचा विषय संपला ना?

नाही. हेडलाइटला लागणारा करंट सेल्फच्या मानाने किरकोळ असतो. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. पण खरी परीक्षा सेल्फ फिरतानाची. मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलांना लावून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल तर सेल्फ कसाबसा फिरेल, पण ईसीयू, इंधन फवारणारे इंजेक्टर आणि ठिणगी देणारी कॉइल यांना पुरेशी वीज मिळणार नाही. अशा वेळी फिरण्याचा आवाजही रेंगाळलेला असतो: घर्र… घर्र… घर्र.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचलाय का, क्लॅम्प हाताने हलतोय का, हेही बघा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजलेली असली तरी लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात.

चावी ‘ऑन’ केली, पण पंपाचा आवाजच येत नाही.

आधी पेट्रोलचा काटा बघा, आणि त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. टाकीतला फ्लोट अडकला की रिकामी टाकी पाव भरलेली दाखवते. गाडी उतारावर उभी असेल आणि पेट्रोल तळाला असेल, तर पंपाचं तोंड कोरडं पडतं; तेव्हा पंपाचा आवाज येतो, पण नेहमीपेक्षा कर्कश.

आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, पंप या क्रमाने जायचं. फ्यूज नुसत्या डोळ्यांनी न बघता टेस्ट लॅम्पने तपासा. बारीक तडा दिसत नाही. रिलेसाठी एक सोपी युक्ती: फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसऱ्या कशाचा तरी त्याच नंबरचा, तेवढ्याच पिनांचा रिले बहुधा असतो. दोघांची अदलाबदल करा. गाडी चालू झाली आणि हॉर्न गेला, तर रोग सापडला.

काही गाड्यांमध्ये धक्का बसला की इंधन तोडणारा स्विच असतो, डिकीत किंवा पायांजवळच्या पॅनेलमागे. जोरात खड्ड्यात आदळल्यावर किंवा पार्किंगमध्ये मागून ठोकर बसल्यावर तो उडतो. वरचं बटण दाबलं की पूर्ववत. मात्र दाबण्याआधी गाडीखाली वाकून इंधन गळत नाही ना, ते बघा.

पंपालाच वीज पोहोचतेय आणि तो फिरत नाही, तर पंप गेला. टाकीच्या तळाला रबरी हातोडीने ठोकल्यावर अडकलेला पंप कधी कधी फिरतो आणि गाडी घरापर्यंत येते. पण एवढ्यावर भागवू नका. असा पंप पुन्हा अडकतो, आणि वेळ-काळ बघून अडकत नाही.

पंपाचा आवाज येतो. म्हणजे इंधनाची बाजू ठीक?

पंप फिरतोय, एवढंच कळलं. दाब वेगळा. साध्या पेट्रोल इंजेक्शनमध्ये रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना इंधन वाटणाऱ्या नळीत, साधारण ३ ते ४ बार दाब लागतो. फिल्टर तुंबला असेल, प्रेशर रेग्युलेटर गळत असेल किंवा पंप म्हातारा झाला असेल, तर गुणगुण येते आणि दाब मात्र दीड बारच्या वर जात नाही. हे गेज लावूनच कळतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत दुसरा, जास्त दाबाचा पंप असतो आणि त्या लाइनला घरी हात लावायचा नाही.

एक घरगुती चाचणी अशी: चावी ऑन, दोन सेकंद, ऑफ, असं तीन-चार वेळा करा आणि मग सेल्फ मारा. गाडी पकडली तर लाइनमधला दाब रात्रभर टिकत नाहीये. पंपातला परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळत असणार. सकाळी पहिल्यांदा लांबलचक सेल्फ मारावा लागणं आणि दिवसभर काही त्रास नसणं, ही याचीच खूण.

प्लग काढून बघितल्याने खरंच काही कळतं?

माझ्या मते एवढ्या थोडक्या कष्टात एवढं सांगणारी दुसरी जागा इंजिनात नाही. इंजिन गार असताना, प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवून, प्लग सॉकेटने एकच प्लग काढा. धूळ उडवायचा आळस केला तर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

आठ-दहा सेकंद सेल्फ मारल्यानंतर लगेच काढलेला प्लग कोरडा ठणठणीत असेल आणि पेट्रोलचा वास नसेल, तर सिलिंडरमध्ये इंधन पोहोचतच नाही. इंजेक्टर, पंप, ईसीयूकडून येणारा सिग्नल या बाजूला जायचं. प्लग ओला आहे, बोट लावलं तर पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे इंधन येतंय पण पेटत नाही: ठिणगी नाही, किंवा इंधन जरुरीपेक्षा फार जास्त आहे, किंवा कॉम्प्रेशन गेलंय. ओलावा चिकट आणि काळपट असेल तर ते तेल. त्याचं दुखणं जुनं असतं, आज सकाळचं नव्हे. ओलावा आहे पण पेट्रोलचा वास नाही आणि हाताला पाण्यासारखा लागतोय, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) फुटून कूलंट आत येत असल्याचा विचार करा आणि सेल्फ मारणं थांबवा.

प्लगच्या टोकांमधली फट ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमकी तुमच्या इंजिनाची पुस्तिकेत दिलेली असते. पांढऱ्या चिनी मातीवर केसासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी टोकाला न उडता तिथून पळतेय.

काल गाडी फक्त चार फूट मागे घेतली होती. आज सेल्फ फिरतो, पण चालू होत नाही आणि पेट्रोलचा वास येतो.

ओव्हर झाली. थंड इंजिनाला ईसीयू जास्त पेट्रोल देतो. इंजिन तापायच्या आत बंद केलं की ते पेट्रोल प्लगवर तसंच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी सेल्फ मारताना आणखी भर पडते.

उपाय बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांमध्येच घालून दिलेला आहे: ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून धरा आणि मग सेल्फ मारा. पेडल पूर्ण दाबलेलं आणि इंजिन सेल्फच्या वेगाने फिरतंय, असं दिसलं की ईसीयू इंजेक्टर बंद करतो. नुसती हवा आत जाते आणि प्लग वाळतात. पाच ते दहा सेकंदांत इंजिन अडखळत पकडायला लागेल, तेव्हा पेडल हळूहळू सोडा. पेडल वर-खाली पंप करायचं नाही. ती कार्ब्युरेटरच्या जमान्यातली सवय आहे. सायलेन्सरमधून काळा धूर येईल, थोडा वेळ इंजिन थडथडेल. त्यानंतर किमान दहा मिनिटं गाडी चालवा, लगेच बंद करू नका.

टाकी फुल केली की लगेच चालू व्हायला त्रास देते. एरवी काही नाही.

पेट्रोलची वाफ टाकीतून इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, असं धरून चला. टाकी भरताना वाफ एकदम इंजिनात जाते आणि तात्पुरती ओव्हर होते. वरचीच पेडल दाबण्याची युक्ती चालते. व्हॉल्व्ह मात्र बदलावा लागतो. आणि पेट्रोल भरताना नळी ‘टक’ करून थांबल्यानंतरही गळ्यापर्यंत पेट्रोल भरायची सवय असेल तर ती सोडा.

ठिणगी नाही असं कळलं. कॉइल बदलू?

चारही सिलिंडरना ठिणगी नसेल आणि प्रत्येकाला स्वतंत्र कॉइल असेल, तर चार कॉइल एका रात्रीत गेल्या असं मानणं कठीण आहे. त्यांच्या सगळ्यांच्या वर काय आहे ते बघा: कॉइलचा फ्यूज, इग्निशन रिले आणि मुख्य म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर.

हा सेन्सर क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चकतीकडे बघत बसलेला असतो. अनेक गाड्यांत चकतीवर ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून ईसीयूला पिस्टन कुठे आहे ते समजतं. हा सिग्नल नसेल तर ईसीयूच्या लेखी इंजिन उभंच आहे, म्हणून तो ठिणगीही देत नाही, इंजेक्टरही उघडत नाही. एकाच वेळी इंधन आणि ठिणगी दोन्ही गायब असतील तर पहिला संशयित हाच. सेन्सरच्या टोकाला लोखंडी कीस चिकटलेला असणं, त्याच्या कनेक्टरमध्ये तेल उतरणं, वायर घासून तुटणं ही नेहमीची कारणं. काढून पुसल्यावर चालणारे सेन्सरही असतात.

ठिणगी बघण्याची जुनी पद्धत, म्हणजे प्लग हातात धरून इंजिनाला टेकवणं, आजच्या गाड्यांवर करू नका. कॉइल २० ते ४० हजार व्होल्ट देते आणि बाजूला उघड्या सिलिंडरमधून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. स्पार्क टेस्टर वापरा.

गाडी तापली की बंद पडते, मग सेल्फ कितीही मारा. अर्ध्या तासाने आपोआप चालू!

पुन्हा क्रँक सेन्सर, किंवा थकलेला पेट्रोल पंप. दोघांच्याही आतली वायंडिंग तापल्यावर उघडते आणि गार झाल्यावर जुळते. फरक ओळखायचा तर गाडी बंद असतानाच, म्हणजे गरम असतानाच तपासा: पंपाची गुणगुण येते का, आरपीएमचा काटा उचलतो का. गार झाल्यावर गॅरेजमध्ये नेली की सगळं ठीक दिसतं, आणि मेकॅनिक तुमच्याकडे संशयाने बघतो.

कूलंटच्या तापमानाचा सेन्सरही एक छुपा खेळाडू आहे. त्याची वायर तुटली की काही गाड्यांत स्कॅनरवर तापमान उणे ४० दिसतं. ईसीयूने ते खरं मानलं तर तो तापलेल्या इंजिनातही भरमसाट पेट्रोल ओततो.

सेल्फ फिरत असताना काही नाही, पण चावी सोडल्याक्षणी एक झटका देऊन पकडायला बघते.

ही खूण दुर्मीळ आहे, पण दिसली की सोन्यासारखी. दोन शक्यता. एक, बॅटरी इतकी बसलीये की सेल्फ चालू असेपर्यंत ईसीयूला वीज पुरत नाही. सेल्फ सुटला की व्होल्टेज वर येतं आणि फिरत्या इंजिनात एखादी ठिणगी पडते. दोन, इग्निशन स्विचचा संपर्क झिजलाय: ‘ऑन’ला वीज मिळते, ‘स्टार्ट’ला तुटते. मल्टिमीटरने दोन्ही ठिकाणी मोजलं की पाच मिनिटांत निकाल.

चालू होते, एक-दोन सेकंद चालते आणि बंद पडते. कुलपाचा दिवा लुकलुकतो.

इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू होऊ न देणारी यंत्रणा. चावीच्या प्लॅस्टिकमध्ये बारीक चिप असते आणि लॉकभोवतीचं कडं ती वाचतं. चिप जुळली नाही तर काही गाड्या सेल्फच फिरू देत नाहीत, काही सेल्फ फिरू देतात पण इंधन तोडतात. युरोपात १९९८ पासून नव्या कारला इमोबिलायझर सक्तीचा झाला; आज तो जवळपास सगळ्या गाड्यांत असतो.

दुसरी चावी लावून बघा. तीही नसेल चालत तर चावीच्या जुडग्यातल्या बाकीच्या चाव्या, विशेषतः दुसऱ्या गाडीची चावी, बाजूला काढा. बटणाच्या गाडीत रिमोटचा सेल उतरला असेल तर रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवा किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेत ठेवा; चिप सेलशिवायही वाचली जाते. बाहेरून बसवलेला अलार्म किंवा रिमोट स्टार्ट असेल तर आधी त्याच्याच जोडण्या तपासा. कापून टेप गुंडाळलेल्या वायरींनी माझ्या समोर इतक्या गाड्या उभ्या केल्या आहेत की आता मी तिथूनच सुरुवात करतो.

या वेळी सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका आणि भरभर येतोय.

थांबा. आणखी सेल्फ मारू नका.

इंजिन फिरताना एकेक पिस्टन हवा दाबतो, तेव्हा सेल्फवर लोड येतो. म्हणून आवाजात ताल असतो. तो ताल जाऊन सलग, मोकळा ‘व्हर्रर्र’ आवाज आला, तर हवा दाबलीच जात नाहीये. सर्वात वाईट आणि दुर्दैवाने सर्वात नेहमीचं कारण म्हणजे टायमिंग बेल्ट तुटणं. खालचा क्रँकशाफ्ट फिरतो, पण बेल्टने त्याला जोडलेला, व्हॉल्व्ह उघडणारा वरचा कॅमशाफ्ट उभा. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडे व्हॉल्व्ह यांची जागा एकच असते, त्यामुळे बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून ते वाकवतो. प्रत्येक वाढीव सेल्फ म्हणजे वाढीव ठोकाठोकी.

खात्री करायची तर तेल भरायचं झाकण उघडा. बऱ्याच इंजिनांत त्या भोकातून कॅम किंवा रॉकर दिसतो. दुसऱ्याला अगदी क्षणभर सेल्फ मारायला सांगा, बोट किंवा कपडा जवळ नको. कॅम हलला नाही तर बेल्ट किंवा चेन गेली, आणि गाडी टोचन करूनच न्यायची.

बेल्ट तुटला नसून एखाद-दुसरा दात सरकला असेल तर आवाज विषम येतो, मध्येच एअर फिल्टरच्या बाजूने फट्‌ फट्‌ होतं. बेल्टची मुदत कंपनीगणिक बदलते, ढोबळपणे ६० हजार ते दीड लाख किलोमीटर, आणि सोबत वर्षांचीही मर्यादा असते. कमी चालणाऱ्या गाडीचे मालक ही वर्षांची मर्यादा सर्रास विसरतात.

ओव्हर झालेल्या इंजिनातही तेल धुतलं गेल्याने असाच मोकळा आवाज येऊ शकतो. म्हणून कॅम हलताना दिसला तर लगेच हेड उतरवू नका, कॉम्प्रेशन मोजा. धडधाकट पेट्रोल इंजिनात ते साधारण ९ ते १४ बार भरतं. कमी आलं तर सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा: आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

डिझेल गाडी आहे. वरचं सगळं लागू होतं का?

ठिणगीचं सोडून बरंचसं. डिझेलमध्ये पहिली खूण म्हणजे सायलेन्सर. सेल्फ मारताना मागे कुणाला तरी उभं करा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही: हीटर प्लग (थंड इंजिनात आधी हवा तापवणारे), कमी कॉम्प्रेशन किंवा सेल्फचा कमी वेग. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोहोचतच नाही.

थंडीत डॅशबोर्डवरचं कॉइलचं चिन्ह विझेपर्यंत थांबायचं असतं. घाईत लोक चावी एका झटक्यात फिरवतात आणि हीटर प्लगला दोष देतात. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, तेही लक्षात ठेवा.

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर डिझेल लाइनमध्ये हवा धरते. कॉमन रेल इंजिन, म्हणजे ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं ते, त्या रेलमध्ये साधारण २०० ते ३०० बार दाब झाल्याशिवाय इंजेक्टर उघडत नाही, आणि हवा असेपर्यंत तो दाब बनत नाही. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. विजेचा पंप असेल तर चावी बऱ्याचदा ऑन-ऑफ करा. नुसत्या सेल्फवर हवा काढायला गेलात तर सेल्फ आणि उच्च दाबाचा पंप दोन्ही झिजवाल. जुन्या डिझेलवर इंजेक्टरचा नट सैल करून हवा काढायचे, तसं कॉमन रेलवर कधीच करायचं नाही. त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते आणि हात गमवावा लागू शकतो.

फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा बोल्ट असतो. काचेच्या बाटलीत थोडं काढून स्थिर ठेवा. पाणी खाली वेगळं दिसेल.

डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं. चालू करून बघू का?

चावी ‘ऑन’लासुद्धा आणू नका. टाकीतला पंप तेवढ्यानेही पेट्रोल पुढे ढकलतो. डिझेल हेच पुढच्या उच्च दाबाच्या पंपाचं वंगण असतं. पेट्रोल ते धुऊन टाकतं आणि धातूचा कीस सगळ्या सिस्टिममध्ये पसरतो. टाकी रिकामी करून घ्या. उलटं झालं, म्हणजे पेट्रोल गाडीत डिझेल, तर नुकसान कमी, पण टाकी तरीही रिकामीच करायची.

सीएनजीवर चालते. सकाळपासून चालू होत नाही.

बऱ्याच सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात. टाकीत पेट्रोल कायम तळाला ठेवलं, की पंप कोरडा तापून मरतो आणि गाडी सुरूच होत नाही. सिलिंडर भरलेला असूनही. थोडं पेट्रोल घालून, स्विच पेट्रोलवर ठेवून बघा.

धक्का मारून चालू होईल?

नाही. धक्का सेल्फचं काम करतो आणि तुमचा सेल्फ तर फिरतोय.

पाण्यातून गेल्यावर बंद पडली. सेल्फ मारून बघू?

मुळीच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि सेल्फच्याही जोराने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर ओला असेल तर सगळे प्लग काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. फिल्टर कोरडा असेल आणि फक्त वायरिंगवर पाणी उडालं असेल, तर कॉइल आणि कनेक्टर वाळवून बघता येईल.

स्टार्टिंग स्प्रे मारला तर?

पेट्रोल इंजिनात निदानापुरता. हवेच्या नळीत अगदी एक फवारा मारून इंजिन क्षणभर पकडून बंद पडलं, तर ठिणगी, कॉम्प्रेशन आणि टायमिंग तिन्ही ठीक; फक्त इंधन येत नाही. हीटर प्लग असलेल्या डिझेलमध्ये मात्र हात लावू नका. तापलेल्या प्लगवर स्प्रेमधला ईथर अवेळी पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.

स्कॅनर लावला की लगेच कळतं ना?

दिशा कळते. १६ पिनांचा जो सॉकेट स्टिअरिंगखाली असतो, तो अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचा झाला. साधा रीडर त्यावर चालतो आणि बिघाडाचे कोड दाखवतो. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० कॅम सेन्सरचं, पी००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी. ‘सर्किट’ या शब्दावर जोर द्या: त्यात वायर आणि कनेक्टरही येतात. पी०३३५ बघून सेन्सर बदलला आणि वायर उंदराने कुरतडलेली निघाली, हे गॅरेजांत रोजचं आहे.

कोडपेक्षा मला चालू आकडे जास्त कामाचे वाटतात. सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसतोय का? रेलचा दाब चढतोय का? रात्रभर उभ्या गाडीचं कूलंट तापमान हवेइतकं आहे का? आणि एकही कोड नाही याचा अर्थ सगळं ठीक असा होत नाही. तुंबलेल्या फिल्टरला किंवा मेलेल्या पंपाला अनेक गाड्यांत कोडच नसतो.

गाडी काही महिने उभी होती. आता बॅटरी नवीन टाकली, सेल्फ छान फिरतो, बाकी काही नाही.

पेट्रोल जुनं झालं की त्यातला लवकर पेटणारा हलका भाग उडून जातो आणि वास वार्निशसारखा येतो. ताजं पेट्रोल घालून बघा, शक्यतो जुनं काढून. त्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडा: कागदाचे कपटे, गवत, लेंड्या सापडल्या तर उंदरांचं घर झालेलं आहे, आणि मग इंजेक्टरच्या वायरी एक टोक धरून दुसऱ्या टोकापर्यंत बघाव्या लागतील. ते बहुधा खालच्या, न दिसणाऱ्या बाजूनेच कुरतडतात, म्हणून आरसा आणि टॉर्च जवळ ठेवा.

शेवटी मेकॅनिकलाच बोलवायचं ठरलं. फोनवर काय सांगू?

‘गाडी चालू होत नाही’ एवढंच सांगितलंत तर तो बॅटरी घेऊन येईल. सेल्फ फिरतो, आवाज नेहमीचा आहे की हलका ते सांगा. ऑन केल्यावर पंपाचा आवाज येतो का, चेक लाइट लागतो का, आरपीएमचा काटा उचलतो का, पेट्रोलचा वास येतो का. बंद पडली तेव्हा गरम होती की थंड, अचानक गेली की आधी काही दिवस अडखळत होती. शेवटचं काम काय केलंत तेही सांगा, अगदी गाडी धुतली असेल किंवा म्युझिक सिस्टिम बसवली असेल तरी. आणि तो येईपर्यंत सेल्फ मारू नका, त्याला तपासायला बॅटरी लागणार आहे.